गेंडा पाहणारे आणि गेंडा जगवणारे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत युरोपातल्या जुन्या प्राणीप्रदर्शनांवरचा लेख वाचला. विषय सुरेख आणि चित्रांची निवडही उत्तम, पण लेखाचा निष्कर्ष मला पटला नाही. परदेशी जनावरे पाहायला लोटलेल्या गर्दीच्या कुतूहलातून तिकडे प्राणिशास्त्र उभे राहिले, असे लेखक म्हणतात. माझ्या मते नुसत्या पाहण्याने फार थोडे कळले. जे कळले, ते एखादे जनावर पुरेसे जगले म्हणून कळले. ते ज्यांनी जगवले, त्यांच्यासाठी मात्र लेखात एक ओळही नाही.

लेखासोबत ड्यूरर या जर्मन चित्रकाराचे गेंड्याचे प्रसिद्ध चित्र छापले आहे. तो गेंडा गोव्याहून गेला होता, हे तरी मराठी वाचकांना सांगायला हवे होते. पोर्तुगीजांना दीवला किल्ला बांधायचा होता. त्यासाठी १५१४ साली त्यांचा इथला गव्हर्नर अल्बुकर्क याने गुजरातच्या सुलतान दुसऱ्या मुझफ्फरशहाकडे वकील पाठवले. किल्ल्याची परवानगी काही मिळाली नाही, पण नजराण्यांच्या देवघेवीत एक गेंडा मिळाला. अल्बुकर्कने जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्यातून पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्याकडे रवाना केला आणि २० मे रोजी तो लिस्बनच्या धक्क्यावर उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. सोबत ओसेम नावाचा रखवालदार होता. चार महिन्यांचा समुद्रप्रवास, जहाजावरची जागा, चारा, गोडे पाणी यांचा विचार केला, तर त्या माणसाचे कसब केवढे असेल!

आणि लिस्बनने या गेंड्याकडून काय शिकून घेतले? हत्ती आणि गेंडा जन्मजात वैरी असतात, असे प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाने लिहून ठेवले होते. ते पडताळण्यासाठी ३ जूनला राजाने त्याला एका हत्तीसमोर सोडले. हत्ती पळाला, प्रेक्षक खूश झाले. वर्ष संपता संपता राजाने तो पोप दहाव्या लिओला भेट म्हणून पाठवला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडाले. गेंड्याला पोहता येते, पण हा साखळदंडांनी जखडलेला होता. तो बुडून मेला.

ड्यूररने हा गेंडा कधीच पाहिला नाही. लिस्बनहून आलेले वर्णन आणि एक रेखाटन यांवरून त्याने न्यूरेंबर्गमध्ये बसून चित्र काढले आणि गेंड्याच्या खांद्यांवर एक जादा शिंग बसवले. लिस्बनच्या गर्दीने खरा गेंडा पाहिला होता, तरीही हे खोटे शिंग पुढे दोनशेहून अधिक वर्षे चित्राचित्रांतून उतरवले गेले. गर्दीच्या कुतूहलातून ज्ञान आपोआप निपजत असते, तर हे शिंग पहिल्याच वर्षी गळून पडले असते.

ते गळले क्लारामुळे. गेंड्याच्या या मादीचा लेखात ओझरता उल्लेख आहे, प्रत्यक्षात तिच्यावर अख्खे पान हवे होते. तिचा जन्म १७३८ च्या सुमाराचा. शिकाऱ्यांनी आईला मारले आणि पिल्लू डच ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या प्रमुखाच्या, म्हणजे सिक्टरमनच्या घरी आले. ती तिथे माणसांत वाढली, घरभर मोकळी फिरायची. पुढे डाउवे माउट व्हान डर मेर या जहाजाच्या कप्तानाने तिला घेतले आणि जुलै १७४१ मध्ये ती रॉटरडॅमला पोचली. वाटेत कातडी कोरडी पडून भेगाळू नये म्हणून तिला माशाचे तेल चोळत असत. जाहिरातीच्या पत्रकांत तिचा रोजचा खुराक छापलेला असे: ६० पौंड सुके गवत, २० पौंड पाव आणि १४ बादल्या पाणी. हा खुराक रोज कुणीतरी जमवत होते, बंद गाडीतला तिचा गोठा कुणीतरी साफ करत होते. म्हणून ती युरोपात जवळजवळ सतरा वर्षे जगली. बर्लिन, व्हिएन्ना, ड्रेस्डेन, पॅरिस, रोम, व्हेनिस असा तिचा प्रवास झाला. पॅरिसला १७४९ मध्ये चित्रकार उद्रीने तिचे पूर्णाकृती चित्र काढले, निसर्गअभ्यासक ब्यूफाँने तिचे निरीक्षण केले. चित्रकाराला आणि अभ्यासकाला तिच्यासमोर सावकाश बसता आले, तेव्हा कुठे युरोपला खरा गेंडा कळला.

याचा अर्थ कप्तान संत होता असा नाही. त्याने तिच्यावर भरपूर पैसा केला. चिखलात लोळणारे, नदीकाठच्या उंच गवतातले हे जनावर त्याने आयुष्यभर लाकडी गाडीत फिरवले. १७५८ साली लंडनमध्ये ती गेली, तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. भारतीय गेंडा चाळीस वर्षेही जगू शकतो. हे सारे मला दुखते, आणि लेखात त्याची जराही खंत दिसली नाही याचे जास्त वाईट वाटते.

श्रीलंकेहून १६३३ मध्ये ॲमस्टरडॅमला आलेल्या हान्स्केन हत्तिणीचेही असेच झाले. तलवार धरायची, पिस्तूल उडवायचे, असे खेळ करत ती गावोगाव फिरली. डच चित्रकार रेम्ब्रांटने तिची रेखाटने केली. १६५५ साली फ्लॉरेन्सच्या भर चौकात ती मेली. तिचा सांगाडा तिथल्या संग्रहालयात आहे आणि आशियाई हत्ती या जातीचा प्रमाण नमुना, म्हणजे जातीची ओळख ज्यावरून ठरते तो नमुना, म्हणून आज तोच मानला जातो. विज्ञानाला तिचा उपयोग झाला हे खरे, पण तो तिची हाडे उरली म्हणून. चौकाचौकांतल्या टाळ्यांशी त्याचा काही संबंध नाही.

एक विनंती आहे. या विषयावर पुन्हा लिहून घ्याल, तर पिएत्रो लाँगीने व्हेनिसमध्ये १७५१ साली काढलेले क्लाराचे चित्र मोठे छापा. मुखवटे घातलेले प्रेक्षक वर फळ्यांवर बसले आहेत आणि खाली क्लारा गवत खाते आहे. तिचे शिंग आधीच गळून पडले होते, ते समोर उभ्या असलेल्या माणसाने हातात उंच धरले आहे. लेखकांनी त्या फळ्यांवरच्या लोकांबद्दल पुष्कळ लिहिले. पुढच्या वेळी त्यांनी क्लाराबद्दल आणि तिला रोज गवत घालणाऱ्यांबद्दल लिहावे.

आपली नम्र,
एक वाचक, रत्नागिरी