पोपट चावतो, हेही सांगावे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक परीक्षा संपल्या की घरोघरी मुलांचे हट्ट सुरू होतात आणि त्याच सुमारास पोपटाच्या पिल्लांच्या जाहिराती मोबाइलवर फिरू लागतात. ‘पूर्ण माणसाळलेला, बोलणारा, मुलांशी खेळणारा’ ही तीन विशेषणे त्यांत ठरलेली असतात. गेली सात वर्षे डोंबिवलीतील माझ्या सदनिकेत सन कोन्यूर जातीचा पिवळा-केशरी पोपट आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की यांतले पहिले विशेषण अर्धे खरे, दुसरे बहुतेक वेळा फुगवलेले आणि तिसरे धोक्याचे आहे. मात्र हे पत्र केवळ विक्रेत्यांविरुद्ध नाही. पोपट पाळणारे आम्ही लोकही चौकशीला आलेल्याला खरे सांगत नाही, आणि माझ्या मते आमचा दोष अधिक मोठा आहे, कारण दुकानदाराचे बोलणे माणूस पारखून घेतो, नातेवाइकाचे घेत नाही.

चार वर्षांपूर्वी माझे साडू आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आले, ते दुपारी दोन वाजता. त्या वेळी पोपट पेंगत असतो. माझ्या पत्नीच्या खांद्यावर बसून त्याने मान खाली घातली, भाचीने तिच्या सांगण्यावरून त्याचे डोके खाजवले आणि त्याने डोळे मिटून घेतले. ‘अगदी गरीब आहे हो,’ असे मी बोलून गेलो. माझ्या उजव्या अंगठ्यावर तेव्हा आठ दिवसांपूर्वीच्या चाव्याची खपली होती आणि बोलताना मी तो हात मागे घेतला होता, हे मला आजही आठवते. पक्षी मी विकत आणला, पिंजरा मी धुतो, फळे मी चिरतो. पण त्याने जोडीदार म्हणून निवडले ते पत्नीला, आणि ती खोलीत असताना मी जवळ गेलो तर तो मला चावतो. हे त्या दिवशी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही, कारण आपण हजारो रुपये घालून आणलेल्या पक्ष्याला आपणच नावे ठेवणे जिवावर येते.

महिनाभरात साडूंनी तशाच जातीचे पिल्लू आणले. वर्षभर सारे उत्तम चालले. दुसऱ्या वर्षी पक्षी वयात आला आणि एका संध्याकाळी, भाची त्याला खांद्यावरून उतरवत असताना, त्याने तिचा वरचा ओठ फोडला. दोन टाके पडले. त्यानंतर तो पिंजरा गॅलरीत गेला, पक्ष्याशी कुणी बोलेनासे झाले आणि काही महिन्यांत त्याने छातीवरची पिसे स्वतःच उपटून काढली.

यात पक्ष्याचा काही दोष नाही. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या दारात वाढला आहे; पिंजऱ्यात जन्मलेला पोपट मात्र बहुधा रानातल्या पक्ष्यापासून थोड्याच पिढ्या दूर असतो. हाताने भरवलेले पिल्लू तीन-चार महिन्यांचे असताना कुणाच्याही हातावर बसते, आणि नेमके तेव्हाच ते विकले जाते. तान्ह्या मुलाकडे पाहून ते सोळाव्या वर्षी कसे वागेल हे सांगावे, तसाच हा प्रकार आहे. शिवाय पोपट चावण्याआधी बहुतेक वेळा सूचना देतो. बुबुळे झरझर लहानमोठी होतात, शेपटीची पिसे पंख्यासारखी पसरतात, मानेवरची पिसे एक तर उभी राहतात किंवा अगदी चपटी बसतात. ही खूण ओळखायला मला दोन वर्षे लागली. लहान मुलाला ती ओळखता येईल अशी अपेक्षा करणे गैर आहे.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे. पोपट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आजोबांच्या ओसरीवर टांगलेला हिरवा मिठू येतो, आणि ‘तो कुठे चावायचा?’ असे आपण म्हणतो. तो चावत नसे, कारण त्याला कुणी पिंजऱ्याबाहेर काढतच नसे. हिरव्या कंठवाल्या पोपटासह आपले सर्व देशी पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांची खरेदी-विक्री करणे किंवा त्यांना घरी कोंडणे हा गुन्हा आहे. त्यामुळे आता लोक परदेशी जातींकडे वळतात आणि ज्या जातीचा प्रौढ पक्षी त्यांनी जवळून कधीच पाहिलेला नसतो, तिचे पिल्लू मिठूच्या आठवणीवर घरी आणतात.

बोलण्याविषयी थोडक्यात. आफ्रिकन ग्रे पोपट स्पष्ट बोलतो, हे खरे. माझा कोन्यूर सात वर्षांत दोन शब्द शिकला आणि तेही घरच्यांनाच कळतात. त्याचा मूळ आवाज मात्र सर्वांना कळतो. रानात थव्याला हाक मारण्यासाठी असलेला तो कर्कश आवाज तो सकाळी आणि दिवेलागणीला हमखास लावतो, आणि फोनवर बोलणाऱ्याला जिन्यात जावे लागते. ओरडला म्हणून आपण त्याच्यावर ओरडलो तर त्याला वाटते, थव्याने उत्तर दिले.

कागदपत्रांबाबत विक्रेते अलीकडे बरेच दक्ष झाले आहेत. पायातली कडी, नर-मादी ठरवणारा डीएनएचा दाखला, 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावयाची नोंदणी, हे सारे ते समजावून सांगतात आणि ते सांगितलेच पाहिजे. पण कोन्यूर पंचवीस वर्षे जगू शकतो, आफ्रिकन ग्रे तर चाळीस ते साठ. तो दीड-दोन वर्षांचा झाला की चावू लागण्याची शक्यता आहे. तो घरातल्या एकालाच धरून बसेल आणि तो एक म्हणजे पैसे भरणारा असेलच असे नाही, हे त्या कागदांत कुठेच नसते. पन्नाशीत ग्रे पोपटाचे पिल्लू घेणाऱ्याला आपल्यामागे त्याला कोण सांभाळणार, असे काउंटरवर विचारलेले मी तरी ऐकलेले नाही.

माझ्यासारख्या पाळणाऱ्यांना विनंती एवढीच, की कुणी पक्षी पाहायला येतो म्हणाले तर त्याला दुपारी बोलावू नये. संध्याकाळी सहाला बोलवावे, चहा होईपर्यंत बसवून ठेवावे आणि बोटे दाखवावीत. गेल्या रविवारी माझ्या मुलीच्या कार्यालयातील एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. मी अंगठ्यावरचे तिन्ही व्रण दाखवले आणि भाचीची हकीकत सांगितली. पोपटाने आपला आवाज स्वतःच ऐकवला. मुलाने दोन्ही कानांवर हात ठेवले. ‘मग तुम्ही का ठेवलाय?’ असे बाईंनी विचारले. मला त्याचा लळा आहे आणि त्याला माझा नाही, एवढेच मला सांगता आले. बाईंनी अजून काही कळवलेले नाही.

आपला,
एक वाचक, डोंबिवली