अँटिव्हायरसच्या आधी परवानगीची यादी

संपादक महोदय,

संगणक-सुरक्षेवरच्या लेखांत अँटिव्हायरस अद्ययावत ठेवा, अनोळखी लिंक उघडू नका, असे सल्ले वाचायला मिळतात. ते योग्यच आहेत. पण घातक फाइल ओळखता आली तरच अँटिव्हायरस ती अडवतो. आज तयार झालेली नवी फाइल त्याच्या नजरेतून सुटू शकते. म्हणून नियम उलटा हवा: परवानगी असेल तेवढेच चालेल, बाकी बंद.

विंडोजमधली ॲपलॉकर ही सुविधा विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून यासाठीच आहे. त्याच्या मूळ नियमांनुसार 'विंडोज' आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरांतले प्रोग्रॅम सर्वांना चालवता येतात, बाकी ठिकाणचे फक्त ॲडमिनला, म्हणजे संगणकाचे पूर्ण अधिकार असलेल्या खात्याला. डाउनलोड्स, डेस्कटॉप, पेन ड्राइव्ह इथून साध्या वापरकर्त्याला प्रोग्रॅम सुरू करता येत नाही. मात्र रोजचे काम ॲडमिन खात्यावरून होत असेल तर हे सगळे व्यर्थ. तो हक्क आधी काढावा.

खरी गफलत पुढे होते. विंडोज फोल्डरच्या पोटातल्या टेम्प, टास्क्स अशा काही उपफोल्डरांत साध्या वापरकर्त्यालाही फाइल ठेवता येते. मूळ नियम फक्त जागा पाहतो, त्यामुळे तिथे ठेवलेली घातक फाइल बिनदिक्कत चालते. जिथे लिहिता येते तिथून काही चालू नये, हे एकेका फोल्डरासाठी तपासावे लागते. ॲक्सेसचेक या मोफत साधनाने असे फोल्डर शोधून नियमाच्या अपवादांत घालावेत. एमएसएचटीए, एमएसबिल्ड हे खुद्द मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रॅमही परका कोड चालवून देतात. गरज नसेल तिथे तेही बंद करावेत. स्क्रिप्टचे, म्हणजे आज्ञा लिहिलेल्या मजकूर-फाइलींचे, नियम वेगळे लावावे लागतात, ते हमखास राहून जातात.

पहिल्याच दिवशी अडवणूक मात्र करू नये. आधी 'फक्त ऑडिट' (अडवायचे नाही, नुसती नोंद) ठेवून इव्हेंट लॉग या विंडोजच्या नोंदवहीतल्या ८००३ क्रमांकाच्या नोंदी वाचाव्यात. नियम लागू असते तर काय अडले असते, ते त्यांत दिसते. यात महिनाअखेर यायलाच हवी, कारण पगाराचे किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर तेव्हाच उघडले जाते. डिजिटल सही असलेल्या प्रोग्रॅमला प्रकाशकाचा नियम द्यावा, म्हणजे सही कोणाची आहे ते पाहून परवानगी. हॅशचा (फाइलच्या आशयावरून काढलेल्या ठशासारख्या आकड्याचा) नियम सही नसलेल्यांपुरताच ठेवावा; प्रत्येक अपडेटनंतर हॅश बदलतो, काम अडते आणि वैतागून सगळी व्यवस्थाच बंद केली जाते. ॲप्लिकेशन आयडेंटिटी ही सेवा चालू नसेल तर नियम कागदावरच राहतात.

लिनक्सवर टेम्प आणि होम ही विभाजने 'नोएक्झेक' (इथून प्रोग्रॅम चालवायचा नाही) या पर्यायाने जोडता येतात. पण पायथन किंवा शेल या स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमना तिथली स्क्रिप्ट वाचायला दिली की ती चालतेच. ती वाट बंद करायला एफएपॉलिसीडीसारखी, परवानगीच्या यादीवर चालणारी व्यवस्था लागते.

आपला,
संगणक यंत्रणा सांभाळणारा एक वाचक