गळ्यात दोरी, तोंडात चोखणी

संपादक महोदय,

आपल्या जत्रांच्या फेरीत फुगे-पिपाण्यांशेजारी गळ्यात अडकवायची दोरी लावलेल्या चोखण्या सर्रास विकल्या जातात. ही दोरी घरी नेताच कापून टाकावी. पाळण्याच्या कठड्यात ती अडकली तर बाळाचा गळा आवळायला काही मिनिटे पुरतात. दुकाने लावायला जागा देणाऱ्या देवस्थान समित्यांनी आणि पालिकांनी अशा चोखण्यांना मनाई करावी. त्यासाठी नवा कायदा नको, पावतीवर एक ओळ पुरे.

घ्यायचीच तर एकसंध सिलिकॉनची घ्यावी. जोडलेल्या तुकड्यांची असली की निपल सुटून घशात जाते. बाहेरची चकती किमान चार सेंटिमीटर रुंद आणि हवेची भोके असलेली हवी. लहान चकती अख्खी तोंडात शिरते. पिवळट रबराचे निपल उष्णतेने लवकर चिकट होते. रोज ओढून पाहावे, चीर दिसली की फेकावे, आणि धडधाकट दिसले तरी दोनेक महिन्यांनी बदलावे.

वापरण्याआधी पाच मिनिटे उकळावी आणि निपलात शिरलेले पाणी दाबून काढावे. पावसाळ्यात ओली चोखणी डबीत बंद केली की बुरशीला आयते घर मिळते. बाळाच्या जिभेवर, गालांच्या आत दह्यासारखे पांढरे थर दिसले आणि ओल्या फडक्याने निघाले नाहीत, तर ते दूध नव्हे, बुरशी. अंगावर पिणारे बाळ असेल तर आईच्या स्तनाग्रांचीही आग होते. तेव्हा दोघांवर एकदमच उपचार लागतात, नाहीतर एकाची बुरशी दुसऱ्याला लागत राहते. जमिनीवर पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून 'साफ' करणारेही पुष्कळ. त्यातून दात किडवणारे जंतू बाळाला मिळतात.

गूळ, साखर लावून तर कधीच देऊ नये. मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जीवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात, आणि ते बीजाणू घरच्या उकळण्याने मरत नाहीत.

चोखणी सरसकट वाईट, असे मात्र म्हणता येणार नाही. झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूचा धोका ती कमी करते. बाळाला उताणे निजवून द्यावी, आणि झोपेत गळून पडली तर पुन्हा कोंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये 'देऊच नका' हा जुना नियम बदलून धोके समजावून सांगण्यावर भर दिला. पहिल्या महिन्यात मात्र थांबावे. बाळ मुठी चोखते, तोंड वळवून शोधते, ही भुकेची खूण असते. तेव्हा चोखणी दिली की एक पाजणे चुकते, आणि बाळाने ओढल्याशिवाय आईचे दूध वाढत नाही.

सहा महिन्यांनंतर कानाचे दुखणे वाढते. लहान मुलांची घशातून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते. सतत चोखण्याने घशातले जंतू तिथे पोचतात. कान वारंवार फुटत असेल तर तेल न घालता आधी चोखणी बंद करून पाहावी, आणि डॉक्टरांना दाखवावे. दोन वर्षांनंतर दातांवर परिणाम होतो. दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांत फट राहते. जीभ खाली दाबली जाऊन वरचा जबडा अरुंद होतो. तिसऱ्या वर्षापर्यंत सवय सुटली तर फट बहुधा आपोआप भरते, अरुंद जबड्याचा तेवढा भरवसा नाही. मग बांबोळीचे दंत महाविद्यालय गाठावे लागते.

सोडवताना कडुनिंब, मिरची लावू नये आणि निपलाचे टोकही कापू नये, कारण मूल उरलेला तुकडा चावून गिळते. आधी दिवसाची बंद करावी, मग दुपारच्या झोपेची, शेवटी रात्रीची. प्रत्येक टप्प्याला आठवडाभर द्यावा. एखादी रात्र रडारडीची जाईल. आजीने दया येऊन परत दिली, तर दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात.

– एक बालदंतवैद्य, फोंडा