बाबा, या कॉलेजला दुय्यम समजू नका

सनीव्हेल, कॅलिफोर्निया, ५ सप्टेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

जे सांगायला मन धजत नव्हते ते आधी लिहिते. ऑक्टोबरमध्ये बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला मला येता येणार नाही. डी ॲन्झा कॉलेजात मी लेखाशास्त्राला प्रवेश घेतला असून सप्टेंबरअखेरीस वर्ग सुरू होतात. डिसेंबरच्या मध्यावर पहिले सत्र संपले की मी निघेन. तिकीट काढूनही झाले आहे.

बाबा, "दोन वर्षांचे कॉलेज, तेही या वयात?" या तुमच्या प्रश्नामागची काळजी मला कळली. पण हे कॉलेज इथल्या लोकांनी स्वतःसाठी उभे केले आहे. १९५७ साली मतदारांनी असे कॉलेज काढायला कौल दिला आणि पुढच्याच वर्षी जवळच्या माउंटन व्ह्यू गावातल्या एका जुन्या शाळेत डी ॲन्झाच्या थोरल्या भावंडाचे, फूटहिल कॉलेजचे, वर्ग भरू लागले. १९६१ मध्ये ते लॉस आल्टोस हिल्सच्या टेकडीवर स्वतःच्या जागेत गेले. रेडवुड लाकडाच्या त्या बैठ्या, उतरत्या छपरांच्या इमारती पाहून मला आजोळची पडवी आठवली. विद्यार्थी वाढत गेले, तेव्हा १९६७ मध्ये कूपर्टिनोत डी ॲन्झा सुरू झाले. २०१६ पासून फूटहिलचे एक केंद्र आमच्या सनीव्हेलमध्येही आहे.

डी ॲन्झाच्या जागी पूर्वी द्राक्षमळा होता. मळ्याच्या मालकाने १८९० च्या दशकात बांधलेला 'ल पेती त्रियानों' हा खांबांचा बंगला फ्लिंट सेंटर या नाट्यगृहासाठी पाडला जाणार होता. तो तिथून हलवला म्हणून वाचला, आणि आता तिथे कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचे केंद्र आहे. त्या नाट्यगृहात १९८४ साली ॲपलचा पहिला मॅकिंटॉश संगणक लोकांसमोर आला. ते मात्र २०१९ मध्ये बंद झाले, याचे मला वाईट वाटते.

इथे अठरा वर्षांपुढच्या कोणालाही प्रवेश मिळतो, आणि राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याच्या एककाला, ३१ डॉलर एवढेच शुल्क पडते. बाबा, बँकेतून सुटल्यावर तुम्ही रात्रीच्या कॉलेजात जाऊन बी.कॉम. झालात. आई तुमचे ताट झाकून ठेवायची आणि सायकलची घंटा ऐकू येईपर्यंत मी झोपायची नाही. मी जे करते आहे ते तुमचेच पाहून करते आहे.

दादा आदल्या दिवशी येऊन आठवडाभर राहील. काकूंकडून दोन्ही वेळचा डबा येईल. बाबांची भाजी कमी तिखट करायला सांगितले आहे. डोळ्यात थेंब वेळेवर घालायचे, डोळा चोळायचा नाही, वाकून जड काही उचलायचे नाही आणि माळ्यावर तर मुळीच चढायचे नाही. आई, तूही गुडघ्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नकोस. रागावला असाल तरी रोज सकाळी फोन उचला.

डिसेंबरात माझ्या वह्या घेऊन येते. जमा-नावे चुकले असेल तिथे पूर्वीसारखी लाल शाईची खूण करा.

तुमची,
चिमी