गुरुवारी मिरजेला जायचंय

ती. बाबा, ती. आई,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. गुरुवारी सकाळी मिरजेत पुन्हा एंडोस्कोपी आहे, तीच तोंडातून दुर्बीण घालायची तपासणी. वेळ मी घेऊन टाकलीय. चिडा, पण जा.

मागच्या खेपेला किती त्रास झाला ते आईनं सांगितलंय. या वेळी झोपेचं इंजेक्शन देऊन करणार आहेत, मी बोललेय. मागच्या वेळी गाठीचे काढलेले तुकडे कॅन्सर आहे हे कळण्यापुरते होते, पुढच्या तपासणीला पुरले नाहीत. पोटाच्या गाठीत हर-टू नावाचं प्रथिन एका भागात भरपूर आणि शेजारी अजिबात नाही असं होतं, म्हणून सहा-आठ तुकडे लागतात. शंभरातल्या साधारण १५-२० जणांत ते सापडतं. रिपोर्टला ३+, म्हणजे भरपूर आलं, तर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध देता येतं. २+, म्हणजे धड हो नाही की नाही नाही असं आलं, तर फिश म्हणून आणखी एक तपासणी, पण त्याच तुकड्यांवर. २०१०च्या मोठ्या अभ्यासात ते औषध जोडलेल्यांना नुसत्या केमोवाल्यांपेक्षा जास्त आयुष्य मिळालं. किती, ते विचारू नका बाबा. तो शेकडो लोकांचा हिशेब, तुमचा नव्हे. हर-टूशिवाय क्लॉडिन, पीडी-एल-१ आणि एमएमआर या गाठीतल्या आणखी खुणाही बघतात. त्यांवरूनही औषध ठरतं. काका रोज विचारतात ते सीईए ही रक्तातली खूण, त्यावरून औषध ठरत नाही.

केमो थोडी लांबतेय, पण डॉक्टरांना विचारूनच. अण्णांच्या वेळचं मनात आणू नका. तेव्हा यातलं काही बघतच नव्हते.

मी बुधवारी रात्री येते. आईनं जागायचं नाही, किल्ली आहे माझ्याकडे. गाडी दारात येईल, बाबांना स्टँडवर उभं राहावं लागणार नाही. हरिपूरला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचात, आठवतं? पाय अवघडतील म्हणून टॉवेल गुंडाळायचात. आता मागच्या सीटवर उशी मी ठेवणार.

बुधवारी रात्री मऊ भात, नंतर काही नाही. भडंगाचा डबा आईनं वर ठेवायचा. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. दुर्बीण झाल्यावर घसा बधिर असतो, तेव्हा चहा लगेच मागायचा नाही. आणि आई, जुन्या फायली एकाच पिशवीत घाल, टू-डी इकोचा रिपोर्ट सगळ्यात वर. हे औषध द्यायच्या आधी हृदय बघतात.

तुमची,
छकुली