मुंबई रेडिओवरच्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मला ठाऊक नाही, माझं तुम्हाला नाही. तुमच्यासाठी मी एक कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव; माझ्यासाठी तुम्ही ‘मुंबई रेडिओ’, समुद्रावरच्या वैमानिकांशी बोलणारं केंद्र. नावच ठाऊक नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय.

त्या संध्याकाळी आम्ही विमान घेऊन मॉरिशसला निघालो होतो. उपग्रहावरून लेखी संदेश पाठवणारी डेटालिंक वाटेतच बंद पडली. नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ दोनेकशे नॉटिकल मैलांपर्यंत पुरतो, तो केव्हाच मागे राहिला होता. उरला लांब पल्ल्याचा एचएफ. प्रशिक्षणात आम्ही ज्याला ‘आजोबांचा रेडिओ’ म्हणून हसायचो, तोच.

८८७९ किलोहर्ट्झ लावलं. बटण दाबताच शेपटीतल्या अँटेनाशी जुळवून घेणारा तो ‘कूंऽऽ’ आवाज, आणि मग कढईत पापड तळावेत तशी खरखर. त्या खरखरीतून तुमचा आवाज आला, सावकाश, एकेक आकडा सुटा. सेलकॉल, म्हणजे आमच्या विमानात घंटा वाजवून बोलावणारा संकेत, तपासलात, कॉकपिटमध्ये टिंग-टाँग वाजलं आणि कानावरचा हेडसेट जरा सैल करता आला.

१३:०५ यूटीसीला (विमानांची जागतिक वेळ) मी पोझिशन रिपोर्ट दिला, म्हणजे आम्ही कुठे आहोत आणि वाटेतल्या पुढच्या ठरलेल्या बिंदूवर केव्हा पोहोचू ते. पुढच्या बिंदूची वेळ सांगायची होती १३:५२. तोंडून गेलं १२:५२. कागदावर पेन्सिलीने बरोबर लिहिलेलं, आणि वाचताना चुकलो. माझ्या लक्षातही आलं नाही. शेजारी कॅप्टन दुसऱ्या रेडिओवर होते.

तुम्ही थांबलात. सगळा रिपोर्ट पुन्हा मागितला नाहीत. फक्त तेवढंच विचारलंत: “कन्फर्म एस्टिमेट वन थ्री फाइव्ह टू?”

घड्याळाकडे पाहिलं आणि कान तापले. जी वेळ होऊन गेली, ती मी ‘पुढची’ म्हणून सांगत होतो! समुद्रावर रडार नाही. डेटालिंक नसेल तर एकाच उंचीवर पुढेमागे चाललेल्या विमानांतलं अंतर कंट्रोलर आम्ही सांगितलेल्या वेळांवरूनच, मिनिटं मोजून राखतो. आमच्या मागे कोण होतं, मला माहीत नाही. तुम्हाला नक्की माहीत असणार.

तुमच्या आवाजात ना वैताग होता, ना टोमणा. हे मुद्दाम लिहितोय, कारण मी तुमच्या जागी असतो तर निदान एक उसासा तरी ऐकू गेला असता.

पुढे सूर्य टेकला तसं ८८७९ विरू लागलं. अंधार पडला की एचएफच्या लहरी पृथ्वीकडे परत वळवणारा वरचा थर, आयनोस्फिअर, विरळ होतो, वरच्या फ्रिक्वेन्सी परत न वळता सरळ अवकाशात निघून जातात. दिवसा खालच्या फ्रिक्वेन्सी शोषून घेणारा थरही तेव्हा विरतो, म्हणून रात्री खाली उतरायचं. पुस्तकात मी हे पाठ केलं होतं. तुम्ही मात्र आवाज पूर्ण जायच्या आतच ५६३४ वर बोलावलंत. तिथे गेलो तर तुम्ही जणू शेजारच्या खोलीतून बोलत होतात.

उतरल्यावर कॅप्टनना चूक सांगितली. ते एवढंच म्हणाले, “ती बाई जागी होती, नशीब तुझं.” नशीब खरंच, पण त्यात तुमची कितीतरी वर्षांची रात्रपाळी असणार.

मनापासून आभार, ताई. आता वेळ सांगण्याआधी मी तासाच्या आकड्यावर बोट ठेवतो. त्यामुळे बोलायला अर्धा सेकंद उशीर होतो. ८८७९ वर एखादा आवाज तसा अडखळला, तर तो मी समजा.

तुमचा,
एक फर्स्ट ऑफिसर