वरच्या मजल्यावरच्या काकांना, ‘रँडम हार्वेस्ट’साठी

काका,

समोर आभार मानले की तुम्ही “बरं बरं” म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र.

काल रात्री हा १९४२ चा हॉलिवूडचा सिनेमा पाहिला आणि आज कशातच लक्ष नाही. याआधी कितीदा बघायचा ठरवला होता! एक जाणकार म्हणाले, “स्मृती जाते, स्मृती येते, मधे रडारड.” दुसऱ्या स्नेह्यांनी तर “अगं, त्यात शेवटी ना...” अशीच सुरुवात केली. विषय बदलून कशीबशी सुटले.

तुम्ही दिलेल्या डिस्कच्या कव्हरमागे, जिथे कथा छापलेली असते, तिथे कोरा कागद चिकटवलेला होता. चारही कडा नीट दाबून. त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. आपण आधी चाखलं म्हणून दुसऱ्याचं ताट उष्टं करू नये, हे कळणारी माणसं फार थोडी उरलीत हो. सिनेमाच्या मध्यावर त्या ऑफिसात एक बाई आत येते, तेव्हा मी “अगं बाई!” म्हणून चक्क ओरडले. ते ओरडणं तुमच्या कागदाचं.

युद्धबंदीची ती रात्र काय उभी केलीय! नोव्हेंबर १९१८, फाटकावर पहारा नाही, सगळे जल्लोषात, आणि स्वतःचं नाव ठाऊक नसलेला सैनिक धुक्यातून गावात येतो. तंबाखूच्या दुकानात त्याला पॉला भेटते. रोनाल्ड कोलमनचं ते अडखळणं जराही नाटकी वाटत नाही. तो स्वतः १९१४ मध्ये लढाईत जखमी झाला होता, त्यातलं काही उतरलं असेल का? मग लिव्हरपूलला टॅक्सीची धडक, पॉलाबरोबरचे दिवस पुसले जातात आणि खिशात उरते एक किल्ली. कुठल्या दाराची, त्याला पत्ता नाही. पुढचं इथे लिहीत नाही, हे वाचणाऱ्यांनी अजून पाहिला नसेल.

सात ऑस्कर नामांकनं आणि मिळालं एकही नाही! पॉला झालेल्या ग्रीअर गार्सनला त्या वर्षीचं ऑस्कर मिळालं ते ‘मिसेस मिनिव्हर’साठी. मला विचाराल तर ते या पॉलासाठी द्यायचं. नुसतं ऐकून घेताना तिचा चेहरा बघा.

रविवारी डिस्क द्यायला येते. कोलमनचा १९३७ चा ‘लॉस्ट होरायझन’ असेल तर काढून ठेवा. तीही जेम्स हिल्टनचीच कादंबरी ना?

तुमची,
खालच्या मजल्यावरची